आजारी मुलांची वाट आणि गाढवाची गाडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



कार्यकारिणीची आज्ञा झाली म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत. अशा प्रसंगी ज्ञातीचा पूर्वेतिहास, शिक्षणाचे महत्त्व, लग्नकार्यातील उधळपट्टी अशा विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि ते विषय आम्ही कमी लेखीत नाही. परंतु यंदा कार्यकारिणीच्या बैठकीत एका सूचनेवर इतकी भवति न भवति झाली की, तिचा निकाल चार भिंतींआड न लावता तो सर्व कुटुंबांपुढे ठेवावा असे ठरले. त्या सूचनेच्या बाजूने बोलण्याचे काम आमच्याकडे आले आहे. विरुद्ध बाजूसाठी अध्यक्षांनी आमच्यानंतर वेळ राखून ठेवला आहे, तेव्हा आम्ही एकाच बाजूचे बोलत आहोत हे आपण आधीच समजून घ्यावे.

सूचना तरुण मंडळींची आहे. संत गाडगेबाबांची पुण्यतिथी २० डिसेंबरला येते. त्या सुमारास सोलापुरातून गाढवाची गाडी घेऊन निघावे, वाटेतील गावी मुक्काम करीत पंढरपुरास पोहोचावे, आणि या प्रवासात आजारी मुलांच्या उपचारासाठी निधी गोळा करावा, अशी ती थोडक्यात आहे. निधीबद्दल कोणाचाच विरोध नव्हता. विरोध झाला तो गाढवाला. मोटार घ्या, टेम्पो फुलांनी सजवा, फार तर बैलगाडी जुंपा, पण गाढव नको, असे अनेकांचे म्हणणे पडले. एक सद्गृहस्थ तर कळवळून म्हणाले की, ज्या जनावराच्या नावाने गावाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या हिणवले, त्याच्याच मागे आपण होऊन चालायचे म्हणजे आपली धिंड आपणच काढण्यासारखे आहे.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शाळेत परटाच्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारीत, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. आपले सोलापूर तीन भाषांचे गाव आहे, त्यामुळे येथील पोराला ही शिवी तिन्ही भाषांत कळते: मराठीत गाढव, कानडीत कत्ते, तेलुगूत गाडिद. गुन्हेगाराची गाढवावरून धिंड काढण्याची चाल आपल्याकडे होती. त्याच्याही मागे जावयाचे तर शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळचे दानलेख पाहावेत. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, असे दगड ठिकठिकाणी सापडतात आणि अभ्यासक त्यांना गधेगाळ म्हणतात. वर चंद्रसूर्य कोरलेले, मध्ये दानाचा मजकूर, आणि जो हे दान मोडील त्याला खाली गाढवाच्या नावाने शिवी. हजार वर्षांपूर्वी राजेलोकांनी कोरून ठेवलेली ही निंदा आहे. गाढवाचा अपराध काय, हे मात्र कोणत्याच दगडावर कोरलेले आम्हांस आढळले नाही.

पण याच महाराष्ट्राने गाढवाची दुसरीही कथा जपली आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेल्या एकनाथ महाराजांना तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपल्या आयांनी आपल्याला सांगितलेली आहे. कीर्तनकार ती सांगतात तेव्हा सारे लक्ष नाथांच्या भूतदयेकडे असते, आणि ते योग्यच आहे. तथापि आम्हांस नेहमी असे वाटते की, त्या ठिकाणी गाय किंवा हरिण असते तर कथेला एवढे तेज आले नसते. ज्याला कोणी पाणी पाजणार नाही असे जनावर तेथे हवे होते.

आणखी एक गोष्ट माताभगिनींना ठाऊक असेल. शीतळादेवीचे वाहन गाढव आहे. तिच्या हातात केरसुणी आणि पाण्याचा कलश, मस्तकावर सूप. देवी नावाचा रोग मुलांना नेत होता त्या काळी आपल्या पूर्वजांनी मुलांच्या दुखण्याची ही देवता गाढवावर बसवली. पुढे लस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती हिंदुस्थानातील पहिली. त्या काळी लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातून ती दुसऱ्या मुलाच्या दंडावर जाई, अशी लेकरांच्या अंगावरूनच ती देशभर गेली. १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, देवी तेवढी गाढवावर राहिली. केरसुणी आणि पाणी ही तिच्या हातची दोन शस्त्रे ज्या सत्पुरुषाने पुढे प्रत्यक्ष गावोगाव चालवली, तो आपल्याच ज्ञातीत जन्मास आला, हा योगायोग आहे खरा. पण आम्हांस तो फार आवडतो.

बाबांचे चरित्र येथे सर्वांस अवगत आहे, म्हणून आजच्या विषयापुरतेच बोलतो. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूने गेले, बालपण मामाच्या शेतावर राबण्यात गेले, आणि १९०५ साली त्यांनी घर सोडले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे ते चालत राहिले. त्यांचे कीर्तन, त्यांचा खराटा, अंगावरच्या चिंध्या आणि हातातील मातीचे गाडगे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या निधी गोळा करण्याच्या रीतीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. लाखो रुपयांच्या इमारती ज्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या ते गृहस्थ पैशाला हात लावीत नसत. देणाऱ्याने परस्पर विश्वस्तांकडे द्यावे, हिशेब विश्वस्तांनी ठेवावा आणि बाबांनी भाकरी मागून खावी, असा तो व्यवहार होता. आपल्या कुटुंबीयांना त्यांनी या संस्थांच्या सुखसोयींपासून कटाक्षाने दूर ठेवले. ऋणमोचनच्या घाटापासून नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथील धर्मशाळांपर्यंतची कामे अशी झाली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सर्व कामांसाठी मिशनची स्थापना झाली.

या धर्मशाळांपैकी दोन प्रकारांकडे आपण पाहावे. पंढरपुरास त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. देवाच्या दारी येऊनही ज्यांना छप्पर मिळत नव्हते त्यांच्यासाठी ती होती, आणि १९४९ साली त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दुसरा प्रकार मुंबईचा. जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी जी धर्मशाळा उभी केली ती यात्रेकरूंसाठी नव्हती. ती होती रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसाच्या बायकोसाठी, आईसाठी, बापासाठी. रुग्णाला खाट मिळते. त्याच्याबरोबर गावाहून आलेल्या माणसाला फूटपाथ मिळतो. हे बाबांना दिसले, कारण ते स्वतः फूटपाथवर निजत होते. रुग्णालये बांधणारे दानशूर मुंबईत थोडे नव्हते. परळला वाडिया कुटुंबाच्या देणगीतून १९२९ साली लहान मुलांचे रुग्णालय झाले, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय झाले, आणि या दोन्ही दारांशी आजही सोलापूर जिल्ह्यातील माणूस उभा असलेला दिसतो. पण त्या दारापर्यंत येणाऱ्याने रात्री पाठ कोठे टेकावी, हा विचार एका परटाच्या पोराने केला. बाबांच्या पश्चात दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी उभी राहिली, ती याच विचाराची पुढची पायरी होय.

बाबांचा तरुण मुलगा गोविंदा १९२३ साली कुत्रा चावल्याने दगावला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली आणि कीर्तन थांबले नाही, असे सांगतात. या प्रसंगाकडे वैराग्याचा कळस म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. आम्ही आज त्याकडे बापाच्या बाजूने पाहतो. मुलगा गेला आणि बाप वाटेवर होता. मुलाचे आजारपण आणि घर यांच्यामध्ये असलेली वाट किती लांब असू शकते, हे या ज्ञातीत आपणांस कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही.

आता आपण विचाराल की, आजच्या काळी हा निधी हवा कशाला? सरकारी योजना आहेत. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण निधी मागायला गेल्यावर पहिल्याच गावात हाच प्रश्न येणार आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि तिच्यातील संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत गेले आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि जन्मतःचे दोष शोधून पुढे पाठवले जातात. आपल्या शहरात सर्वोपचार रुग्णालय आहे, १९६३ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि धाराशिवकडचे तसेच सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्णही येथे येतात. मार्कंडेय आणि अश्विनी ही सहकारी रुग्णालये सभासदांच्या भागभांडवलावर याच गावात उभी राहिली. हे सारे खरे आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता बाळगावी. परंतु उपचार फुकट झाला तरी वाट फुकट होत नाही.

एक मूल घ्या. त्याचे पाऊल जन्मतःच आत वळलेले आहे. शस्त्रक्रियेने पाय फाडण्याची आता बहुधा गरज पडत नाही. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडे थोडे सरळ करून प्लास्टर घालतात, असे पाच-सहा वेळा करतात, बहुतेकदा टाचेच्या शिरेला बारीकसा छेद देतात, आणि नंतर चार वर्षांचे होईतो मुलाला रात्री पट्टीचे बूट घालून निजवतात. यात महाग असे काहीच नाही. पण अक्कलकोट तालुक्याच्या टोकाच्या एखाद्या वस्तीवरून ओली बाळंतीण, कडेवर तान्हे मूल, दर आठवड्याला सोलापुरास यायची म्हणजे एस. टी.चे भाडे, बरोबरच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या थोरल्या मुलाची सोय, हा खर्च कोणत्या योजनेत बसतो? तिसऱ्या प्लास्टरनंतर ती येत नाही. पाऊल पुन्हा वळते. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी त्याच दिवसापासून घरात शिरते.

थॅलॅसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि ते जन्मभर. दर हजार जन्मांमागे आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यांतील ज्यांना शस्त्रक्रिया लागते त्यांना पुण्या-मुंबईस जावे लागते, आणि एकदा जाऊन भागत नाही. रक्ताच्या कर्करोगाचे मूल आज बरे होऊ शकते, मात्र उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. तोपर्यंत आई मुंबईत आणि बाप गावी, किंवा दोघेही मुंबईत आणि हातात काम नाही, अशी संसाराची दोन शकले होतात. रेल्वे अशा काही रुग्णांना भाड्यात सवलत देते. कर्करोगाच्या रुग्णास शयनयान वर्गात भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्यालाही मोठी सूट मिळते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यास व थॅलॅसेमियाच्या रुग्णासही सवलत आहे. रुग्णालयाच्या डॉक्टरांचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र तेवढे लागते. पण हे ठाऊक किती जणांना? सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या सर्वसाधारण डब्यात दाराशी आजारी लेकरू मांडीवर घेऊन रात्र काढणारी माउली आपणांपैकी कित्येकांनी पाहिली असेल. तिच्या हातात तो कागद कोणी दिलेला नसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हा निधी औषधांचा नव्हे, वाटेचा असावा. एस. टी.चे भाडे, धर्मशाळेचे नाममात्र शुल्क, दोन वेळचे जेवण, बुडालेल्या मजुरीचा काही भाग, एवढ्यासाठीच तो वापरावा. शस्त्रक्रियांची बिले भरण्याच्या फंदात आपण पडू नये. ते आपल्या आवाक्यातले नाही आणि पहिल्याच मोठ्या बिलात निधी आटून जाईल. गाडीवर निधीच्या पेटीबरोबर छापील पत्रकांचा गठ्ठा असावा. त्यात कोणत्या दुखण्याला कोठे जावे, कोणता दाखला न्यावा आणि रेल्वेचा नमुना कोठे मिळतो, हे मराठीत आणि कानडीत सोप्या शब्दांत छापावे. जेथे पैसा मिळणार नाही तेथे निदान कागद तरी ठेवून यावे.

निधी कोणाच्या मुलांसाठी, यावर कार्यकारिणीत गाढवापेक्षाही हळू आवाजात चर्चा झाली. हळू आवाजात झाली म्हणूनच आम्ही ती येथे मोठ्याने मांडतो. मंडळ ज्ञातीचे आहे, वर्गणी ज्ञातीची आहे, तेव्हा लाभही ज्ञातीच्या मुलांना, असे काही जणांचे मत आहे. मंडळाच्या शिष्यवृत्तीबद्दल ते म्हणणे आम्ही मान्य करतो. परंतु बाळे, लांबोटी, मोहोळ, पेनूर येथील चावडीवर उभे राहून सर्व गावापुढे झोळी पसरायची आणि घरी येऊन ती केवळ परटांच्या मुलांपुढे उघडायची, हे आम्हांस पटत नाही. गाव आपल्याला विचारील, आणि विचारण्याचा त्याला हक्क असेल. बाबांनी जे. जे. जवळची धर्मशाळा परटांसाठी बांधली असती तर आज त्यांची पुण्यतिथी परटांपलीकडे कोणी पाळली नसती. या एका मुद्द्यावर मेळाव्याचा कौल विरुद्ध गेला तर आमची विनंती अशी राहील की, गाडी काढूच नये. घरोघरची वर्गणी वाढवून ज्ञातीपुरता निधी करावा. तेही चांगले काम आहे, पण ते वेगळे काम आहे.

आता गाढवाकडे येतो. आपण ज्याची लाज बाळगतो ते जनावर आपल्याजवळ उरले आहे काय? एकेकाळी भट्टीचे कपडे ओढ्यावर न्यायचे ते त्याच्या पाठीवरून. आज आपली लॉण्ड्री आहे, यंत्र आहे, पोरे नोकरीला आहेत. या सभागृहातील किती घरांच्या दारी आज गाढव बांधलेले आहे, हे हात वर करून विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही. वीटभट्टीवर आणि मातीकामावर ते अजून दिसते, आणि तेही कमी होत चालले आहे. पशुगणनेचे आकडे पाहिले तर २०१२ साली देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती, २०१९ साली १ लाख २० हजार राहिली. महाराष्ट्रात २९ हजारांची १८ हजार झाली. जेजुरीला पौष पौर्णिमेचा आणि अहिल्यानगर जिल्ह्यात मढीला रंगपंचमीच्या सुमाराचा गाढवांचा बाजार अजून भरतो. तिकडे चीनमध्ये त्याच्या कातड्यापासून एक औषध करतात आणि त्यासाठी जगभर गाढवांची कत्तल चालली आहे. आफ्रिकेतील राष्ट्रांच्या संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या कातड्यांच्या व्यापारावर बंदी घातली, कारण तेथील गरीब बाईचे पाणी आणि सरपण आणणारे जनावरच नाहीसे होऊ लागले. तात्पर्य, गाडीला जुंपण्यासाठी गाढव हवे तर आपल्याला वडार, कुंभार, कैकाडी बांधवांच्या दारी जाऊन मागावे लागणार आहे. आम्हांस तर यात नुकसान दिसत नाही. ते गाढव घेऊन आले तर माणसेही बरोबर येतील.

रुग्णाची सेवा गाढवाने पूर्वी केलेली आहे. १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक नावाचा ऑस्ट्रेलियाच्या फौजेतील स्ट्रेचरवाला जखमी सैनिकांना गाढवावर बसवून गोळ्यांच्या वर्षावातून समुद्रकाठापर्यंत आणीत असे. चार आठवडे पुरे होण्याच्या आत तो मारला गेला. ऑस्ट्रेलियात त्याचा पुतळा आहे, आणि तो एकट्याचा नाही; गाढव शेजारी आहे. तेथील मुले त्याला कोणत्या नावाने चिडवतात, ते आम्हांस ठाऊक नाही.

प्रवासाचा बेत असा आहे. अंतर पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास. दिवसाला पंधरा किलोमीटर धरले तर पाच दिवस. १६ डिसेंबरला निघाल्यास २० तारखेला पंढरपूर. आषाढीला जाऊ नये. तेव्हा वाट वारकऱ्यांची असते आणि त्यांच्या गर्दीत झोळी फिरवणे बरे दिसत नाही. ओझ्याच्या व वाहतुकीच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने केलेले नियम आहेत. गाढवाच्या पाठीवर पन्नास किलोंहून अधिक ओझे घालता येत नाही. कोणत्याही जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून अधिक राबवता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी १२ ते ३ काम बंद. डिसेंबरात उन्हाची अडचण नाही, तरीही दुपारचा विसावा आपण पाळू. गाडीत माणूस कोणीही बसणार नाही. अध्यक्षसुद्धा नाही, आणि फोटोपुरतेही नाही. पेटी, पत्रके आणि पाण्याचा हंडा, एवढेच. दोन गाढवे आळीपाळीने जुंपावीत. सोलापुरात जनावरांवर मोफत उपचार करणारी 'ॲनिमल राहत' ही संस्था आहे. निघण्यापूर्वी तेथील डॉक्टरांकडून दोन्ही जनावरांचे खूर आणि पाठ तपासून घ्यावी, आणि त्यांनी नाही म्हटले तर ते जनावर घेऊ नये.

एका गोष्टीची सूचना भगिनींना आधीच देतो. गाढव दिसले की वाटेत एखादी बाई तान्ह्याला घेऊन येईल आणि गाढविणीचे चमचाभर दूध मागेल. खोकल्यावर, दम्यावर ते गुणकारी असल्याची समजूत आपल्या भागात आहे आणि गल्लोगल्ली ते विकणारेही येतात. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधावाचून दुसरे काही देऊ नये, असे सर्व बालरोगतज्ज्ञ सांगतात. कच्च्या दुधाने बाळाला जुलाब लागले तर आपलीच गाडी त्याला कारण व्हायची. तेव्हा गाडीबरोबर दोन-चार जाणत्या भगिनी अवश्य हव्यात. त्या बाईला हे पुरुषाने सांगून ती ऐकणार नाही.

हिशेबाविषयी बाबांचीच रीत पाळावी. पेटी कुलूपबंद राहील आणि किल्ली गाडीबरोबर असणार नाही. प्रत्येक मुक्कामी सायंकाळी गावातील शाळेचे मुख्याध्यापक किंवा सरपंच यांच्यासमोर पेटी मोजावी, आकडा फळ्यावर लिहावा आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत जावी. गाडीबरोबर चालणाऱ्याने निधीतील चहासुद्धा पिऊ नये. भाकरी बांधून न्यावी किंवा गावात मागून खावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत प्रत्येक गावाचा आकडा आणि प्रत्येक रुपयाचा विनियोग छापला जावा, मात्र मुलांची नावे छापू नयेत. आजारी मुलाचे नाव देणगीच्या जाहिरातीत घालणे ही त्याची वेगळ्या प्रकारची धिंडच आहे.

ज्या सद्गृहस्थांनी तो शब्द उच्चारला त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, त्यांचे दुःख आम्ही ओळखतो आणि ते आमचेही आहे. त्यांनी गाडीमागे चालू नये. त्यांच्यासाठी पंढरपुरास आधी जाऊन मुक्कामाची सोय पाहण्याचे काम आम्ही राखून ठेवले आहे. त्या गावात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांनी टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला होता आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालवला. मुलांसाठी काही करायला निघालेल्या माणसाला पंढरपूर परके वाटत नाही, असा आमचा समज आहे. गाडी चंद्रभागेजवळ येईल तेव्हा ते सामोरे आले तर आम्हांस आनंद होईल. न आले तरी राग नाही. लग्नात पायघड्या घालण्याचा मान आपल्या ज्ञातीकडे आहे; गाढवासाठी त्या घालाव्यात असा आमचा आग्रह नाही.

कौल जेवणानंतर घेतला जाईल. सूचना मंजूर झाली तर एक व्यावहारिक अडचण तातडीने सोडवावी लागेल. बैलाचे जू गाढवाला चालत नाही. बैलाला वशिंड असते, जू त्यावर टेकते. गाढवाची मान सरळ, तेथे जू ठेवले की ती सोलपटून निघते. त्याला छातीवरून येणारा रुंद पट्टा लागतो आणि पाठीवर गादी लागते. असा साज आपल्याकडे आता कोणाजवळ नाही, तो शिवूनच घ्यावा लागेल. त्यासाठी रुंद निवार, जुनी घोंगडी आणि जाड दोरा हवा आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर पडून असेल त्यांनी तो महिनाअखेरपर्यंत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावा, आणि घोंगडी धुऊनच आणावीत.